रंगीत तालमीची निळी फीत

६ ऑक्टोबर

आज टेकडीवरच्या आमच्या मॅगपाय लेनने मला एकमताने आगप्रमुख निवडलं. एकमताने म्हणजे रेग स्टॅव्हली सोडून. तो त्या वेळी शेगडीवर सॉसेज उलटत होता, आणि सॉसेज उलटणाऱ्याला मत विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

डिसेंबरातला उन्हाळा आणि वणव्याचा मोसम जवळ आला की दरवर्षी ही सभा डॉट किलीनच्या अंगणात भरते. लेनच्या तोंडाशीच तिचं घर. मागे शेळ्या पाळल्यात, आणि नवरा गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही म्हणून येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांशी बोलते. माझं नाव तिनेच सुचवलं.

"क्लेम पास्कोइतका मोठा आवाज लेनमध्ये दुसऱ्या कुणाचा आहे?" ती म्हणाली.

व्हर्नाने लगेच अनुमोदन दिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या बायकोने माझ्या कुठल्याही गोष्टीला इतक्या तत्परतेने मान डोलावल्याचं मला आठवत नाही. माणसाचे गुण उशिरा का होईना, घरच्यांना दिसतात. तर आजपासून ही दैनंदिनी. पुढेमागे कुणाला अभ्यासाला उपयोगी पडेल.

मग आगीच्या दलाची कप्तान टेगन बोलायला उठली. ही पोरगी दिवसा मेंढ्यांची लोकर कातरते आणि उरलेल्या वेळात फुकट आमचे जीव वाचवते. तिने विचारलं, वाईट दिवस आला तर सकाळीच कोण निघणार आणि घर राखायला कोण थांबणार?

"मी थांबणार," रेग चिमटा हलवत म्हणाला. "पळून जाणाऱ्यातले नाही आपण."

"मी तर थांबणारच," मी म्हणालो. "माझ्याकडे एस्मे आहे." एस्मे म्हणजे माझा पाण्याचा पंप. टाकीशेजारी तिच्यासाठी मी वेगळा चौथरा बांधलाय.

"क्लेम थांबला तर मीही थांबणार," व्हर्ना म्हणाली.

मी म्हटलं, उत्तम, चहाला कोणीतरी लागेलच. यावर कोणी हसलं नाही. टेगनने व्हर्नाच्या हातातल्या दम्याच्या पंपाकडे पाहिलं, डॉटने टेगनकडे पाहिलं, आणि रेगची बायको मॅव्हिस हिच्यासकट सगळ्या बायका केक कापायला आत गेल्या. केक एवढासा होता, पण कापायला फार वेळ लागला.

१३ ऑक्टोबर

पहिलं प्रात्यक्षिक: छपराच्या पन्हळी साफ करणे. रेगच्या घरावर करू असं मी सुचवलं होतं, कारण गरज त्याला जास्त. पण टेगन म्हणाली, "प्रमुखाच्या घरी केलं तर लोकांवर छाप पडते, क्लेम." पोरगी हुशार आहे.

गेल्या हिवाळ्यात शिडीचं आणि माझं जरा बिनसलं. तेव्हापासून मी वर चढत नाही. सूचना खालूनच नीट देता येतात. रेग आणि टेगन वर चढले. पन्हळीतून निलगिरीचा पाला निघाला, सालींचे ढीग निघाले, पक्ष्याचं जुनं घरटं निघालं, माझा हरवलेला चष्मा निघाला आणि एक झाड निघालं. झाड चांगलं गुडघाभर वाढलेलं.

"हे काय लावलंयस रे?" रेग वरून म्हणाला. "टोमॅटो तरी लावायचेस. प्रदर्शनात ठेवता आले असते."

हा टोमॅटोचा विषय त्याने मुद्दाम काढला. बेनब्रुकच्या कृषी प्रदर्शनात टोमॅटोची निळी फीत, म्हणजे पहिलं बक्षीस, दरवर्षी तोच नेतो. मला लाल मिळते. परीक्षकांना रंग कळतो आणि चव कळत नाही, याहून जास्त मी काही बोलणार नाही.

शेवटी मी टेनिसच्या चेंडूचा धडा दिला. पन्हळीतून खाली येणाऱ्या पाइपात चेंडू घट्ट बसवायचा आणि पन्हळी पाण्याने भरून ठेवायच्या. वाऱ्याबरोबर आलेली ठिणगी मग पाण्यात पडून विझते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लोक गेल्यावर आमच्या कुत्र्याने, कर्नलने, एकेक चेंडू काढून व्हरांड्यात रांगेने मांडून ठेवला. नाव कर्नल असलं तरी त्याला युद्धाचं गांभीर्य नाही.

२७ ऑक्टोबर

दुसरं प्रात्यक्षिक: सरपण हलवणे. हेही आमच्याच घरी, कारण स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून रचलेली लाकडांची एवढी मोठी रास लेनमध्ये दुसऱ्या कुणाकडे नाही. प्रमुखाकडे साधनसामग्री असावी लागते. रांगेत उभं राहून सगळ्यांनी एकेक ओंडका हातोहात कुंपणाशी पोचवला. मी ताल धरला.

लगे हाथ व्हरांड्यावर चढलेली वेल, खिडकीखालची रोझमेरी आणि दारातलं काथ्याचं पायपुसणंही गेलं. पुढच्या रविवारी वाळलेला पाला गोळा करायचं प्रात्यक्षिक आहे. तेही इथेच.

"छाप पडता पडता माझी कंबर गेली," रेग पुटपुटला. मॅव्हिसने त्याला असा काही चिमटा काढला की तो कळवळला. इतक्या वर्षांनंतर नवऱ्याला चारचौघांत चिमटे काढते. त्यांचं लग्न मला कधी नीट कळलेलं नाही.

व्हर्नाने सगळ्यांना जॅम लावलेले स्कोन दिले. रेगला दोन जास्त दिले. मी ते पाहिलं.

१६ नोव्हेंबर

उद्यापासून उघड्यावर काहीही जाळायला बंदी. म्हणून आज परवानगी काढून फांद्यापाल्याचा ढीग जाळला. धूर घराच्या बाजूला वळला आणि व्हर्नाची छाती सूं सूं वाजायला लागली. हे दिवस परागकणांचे असतात, त्यांचाच त्रास असणार. ती पायरीवर बसून तोंडात दम्याचा पंप मारत होती.

"खरी आग आली तर एवढाच धूर असेल का रे?" तिने विचारलं.

"छे," मी म्हणालो. "हा काहीच नाही. याच्या कितीतरी पट. हाताला हात दिसणार नाही." अशा बाबतीत माणसाने अर्धवट माहिती देऊ नये.

"हं," ती म्हणाली आणि आत जाऊन डॉटला फोन करत बसली.

काळे काकाकुवे आज टेकडीवरून दक्षिणेला गेले, तेही गुपचूप. म्हणजे उन्हाळा सौम्य जाणार. हवामानखात्याचे लोक म्हणतात यंदा कडक आहे. ते शहरात गार खोलीत बसून बोलतात, काकाकुवा बाहेर राहतो. विश्वास कुणावर ठेवायचा हे मला कुणी शिकवायला नको.

४ जानेवारी

आज कसोटीचा दिवस गेला. डॉटच्या फाटकाजवळ धोक्याचा मोठा फलक आहे, अर्ध्या चाकासारखा, त्यावर काटा फिरतो. सकाळी काटा लालवर होता. रेडिओवर बाई पुन्हा पुन्हा सांगत होती की टेकड्यांवर राहणाऱ्यांनी निघावं, वाट पाहू नये. डॉट शेळ्या घेऊन गेली. दोन घरं सोडून राहणाऱ्या दंतवैद्याचा प्रश्न नव्हता, तो मेलबर्नहून फक्त नाताळात येतो, आणि झाडंझुडपं वाढवून जातो.

मी लोकरीचा कोट आणि माझं जुनं हेल्मेट घालून एस्मेशेजारी खुर्ची टाकून बसलो. थोड्या वेळाने व्हर्नाने तिची खुर्ची आणली आणि माझ्या शेजारी ठेवली.

"तू जायला हरकत नाही," मी म्हणालो.

"तू येणार असलास तर जाते."

"कुंपणापलीकडे बघ. रेग बसलाय. मी उठलो की तो जन्मभर ऐकवेल."

रेग त्याच्या टाकीशेजारी बादली घेऊन बसला होता आणि सारखा माझ्याकडे बघत होता. एकदा त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. मी बघतोय हे दिसल्यावर पुन्हा खिशात टाकली. माझ्या खिशातही किल्ली होती, पण ती वेगळ्या कारणासाठी.

दिवसभर काही झालं नाही. संध्याकाळी वारा फिरला आणि गारवा आला. मी रेगकडे पाहून हेल्मेट उचललं, त्याने बादली उचलली. लेन राखली गेली. व्हर्ना धुळीने की कशाने दिवसभर खोकत होती. रात्री जेवायला तिने थंड हॅम वाढलं आणि काटा टेबलावर जरा जोरात ठेवला.

१९ जानेवारी

आज डॉट आणि मॅव्हिस आल्या, तोंडभर हसत. त्यांना एक कल्पना सुचली आहे. खरं तर कल्पना माझीच, मी गेल्या वर्षी कधीतरी अशा अर्थाचं काहीतरी बोललो होतो असं डॉट म्हणाली. मला आठवत नाही, पण बोललो असेन.

लेन सोडून निघायची रंगीत तालीम घ्यायची. प्रत्येक घराने पन्हळी भरायच्या, गॅस बंद करायचा, जनावरं, कागदपत्रं आणि औषधं गाडीत घालून बेनब्रुकच्या प्रदर्शनाच्या मैदानावर हजर व्हायचं. डॉट प्रदर्शनात मुरांब्याची परीक्षक असते, तीच गुण देणार. सगळ्यांत नीट आणि सगळ्यांत आधी येणाऱ्याला निळी फीत.

"खरी?" मी विचारलं.

"खरी. सोनेरी अक्षरं छापलेली."

मी म्हटलं, पण मी निघणाऱ्यातला नाही, मी थांबणाऱ्यातला आहे.

"अर्थात," मॅव्हिस म्हणाली. "ही तालीमच. नेतृत्व कुणीतरी केलं पाहिजे. तू नाही म्हणालास तर रेग तयार आहे."

तालमीचं नेतृत्व माझ्याकडे आहे.

२ फेब्रुवारी

तालीम लांबणीवर पडतेय. पहिली तारीख मी ठरवली तर व्हर्नाला नेमके त्याच दिवशी केस कापायला जायचं होतं. दुसरी ठरवली तर पुन्हा केस. तिसऱ्या वेळी डॉटची शेळी विणार होती. ती शेळी विणार म्हणून डॉट वर्षभर सांगतेय. व्हर्नाचे केस मला होते तसेच दिसतात, पण हे मी तिला सांगितलं नाही. संसारात इतकं शहाणपण येतं.

दिवस मात्र छान चाललेत. थंडगार वारा, एक दिवस तर सरही आली. मी म्हणालो, तालमीला असाच दिवस हवा. व्हर्ना म्हणाली, "असाच कशाला? जरा उन्हाचा असू दे. खऱ्यासारखं वाटायला हवं." तिचं डोकं कधी कधी माझ्यासारखं चालतं.

९ फेब्रुवारी

अखेर ठरलं. व्हर्ना सकाळी रेडिओ ऐकत होती, तो बंद केला, डॉटला फोन केला आणि आत येऊन म्हणाली, "तालीम गुरुवारी. पहाटे उठायचं."

"गुरुवारी तुझे केस?"

"गुरुवारी मोकळी आहे."

रेडिओच्या बॅटऱ्या आज गायब आहेत. व्हर्ना म्हणते तिने विजेरीत घातल्या. विजेरी कुठे आहे विचारलं तर म्हणाली, मॅव्हिसला दिली. मॅव्हिसला विजेरी कशाला, तर ती म्हणाली, "क्लेम, तुझ्या पन्हळीत पाणी किती वेळ टिकतं ते पाहिलंस का?" ते पाहायचं राहूनच गेलं होतं. लगेच गेलो.

टेगन वाटेत भेटली. चेहरा जरा ओढलेला दिसला. "तालमीला येतेस ना?" मी विचारलं. "मी कामावर असेन," ती म्हणाली. "पण तुम्ही नक्की जा. तुम्हीच मागे राहिलात तर काय उपयोग?" मी म्हणालो, मी आयुष्यात कधी मागे हटलो नाही. ती म्हणाली, "तीच तर काळजी आहे." काय म्हणायचं होतं तिला, कोण जाणे.

१३ फेब्रुवारी, बेनब्रुकचं मैदान

हे मेंढ्यांच्या मंडपात बसून लिहितोय. 

पहाटे उठलो तेव्हाच वारा उत्तरेचा होता, आणि गरम. सूर्य वर यायच्या आत गरम वारा म्हणजे मला आवडला नाही. काकाकुवे कुठेच नव्हते. मी टाकीशी गेलो, एस्मेत तेल भरलं, खुर्ची सरळ केली.

"आज काहीतरी आहे," मी व्हर्नाला म्हणालो. "आज तालीम नको. आज मी थांबतो."

ती गाडीत पेटी ठेवत होती. तिने पाठीमागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "थांब हवं तर. रेग निघालाय."

मी कुंपणावरून पाहिलं. रेग खरोखरच गाडीत सामान कोंबत होता, आणि मॅव्हिस त्याला काहीतरी सांगत माझ्याकडे बोट दाखवत होती. रेगने मला पाहिलं. पुढे काय झालं ते मी तपशिलात लिहीत नाही. आम्ही दोघेही या वयात इतके पळालो नव्हतो. चेंडू बसवले, पन्हळी भरल्या, गॅस बंद, खिडक्या बंद, कर्नल मागच्या सीटवर. हेल्मेट खुर्चीवर ठेवलं, म्हणजे तालीम आटोपून आलो की लगेच बसता येईल. व्हर्नाची खुर्ची शेजारी होतीच.

लेनच्या तोंडाशी डॉटची शेळ्यांची गाडी नेमकी धोक्याच्या फलकासमोर आडवी उभी. काटा दिसेना. प्रमुख या नात्याने मी तिला हटकलं, फलक असा झाकू नये म्हणून.

"शेळ्या चढवतेय," ती म्हणाली. "रेग पुढे गेला, क्लेम."

मी गाडी दामटली. व्हर्ना तिच्या बाजूच्या काचेतून मागे बघत बसली होती, आमचं छप्पर दिसेनासं होईपर्यंत.

मैदानाच्या फाटकातून आम्ही रेगच्या एक गाडीभर पुढे आत शिरलो. डॉट मागून आली, परीक्षकाचा बिल्ला लावला आणि गाड्या तपासायला लागली. आमच्याकडे औषधं, कागदपत्रं, फोटोंचे अल्बम, लोकरीची ब्लँकेटं, पाणी, सगळं होतं. हे सगळं व्हर्नाने कधी भरलं मला माहीत नाही. तिच्या दम्याच्या पंपांची अख्खी पिशवी होती. रेगने टोमॅटो कापसात गुंडाळून आणले होते आणि रक्तदाबाच्या गोळ्या घरी विसरला होता. मी जिंकत होतो. तेवढ्यात कर्नल तोंडात टेनिसचा चेंडू घेऊन गाडीतून उतरला.

"हा पाइपातला," रेग म्हणाला. "म्हणजे याची एक पन्हळ कोरडी. गुण कापा."

"हा दुसरा चेंडू आहे."

"दुसरा कुठला? तू काय टेनिस खेळतोस?"

"तुझ्या गोळ्यांचं आधी बोल. आणि तू निघालास कसा? तू तर थांबणारा."

"तू निघालास म्हणून. मॅव्हिस म्हणाली, क्लेमने गाडी काढली."

"मी तू निघालास म्हणून निघालो."

आम्ही दोघांनी बायकांकडे पाहिलं. त्या थर्मासमधून चहा ओतण्यात गुंतल्या होत्या. कुठेतरी काहीतरी घोटाळा झाला असावा असं मी म्हणणार होतो, पण रेग माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला होता. मी वळलो. उत्तरेकडचं आभाळ विटकरी झालं होतं.

मॅव्हिसने पिशवीतून रेडिओ काढला. बॅटऱ्या माझ्या होत्या, मी त्यांवर खूण करतो. बाई गावांची नावं वाचत होती. मग तिने आमच्या टेकडीचं नाव घेतलं. ती म्हणाली, तिथे जे असतील त्यांना आता निघायला उशीर झालाय, त्यांनी घरात आसरा घ्यावा.

रेगच्या हातातला टोमॅटो तसाच राहिला.

"मी जातो," मी म्हणालो. "एस्मे तिथे एकटी आहे." असं मी खरंच म्हणालो. खिसे चाचपले.

"किल्ली माझ्याकडे आहे, क्लेम," व्हर्ना म्हणाली. तिने माझा हात धरला. एवढ्या उन्हात तिचा हात गार होता.

दुपारनंतर धूर इथपर्यंत आला. इथून टेकडी केवढी लांब, मधे नदी, गाव, शेतं, तरी आला. व्हर्नाने पंप मारला, पुन्हा मारला, तरी तिला नीट श्वास येईना. रुग्णवाहिकेतल्या बाईने तिला प्राणवायूची नळी लावली आणि मंडपात निजवलं. मी तिच्या उशाशी बसून होतो. तिथे, वर, शेजारच्या खुर्चीत ती बसली असती. मी म्हणालो होतो की चहाला कोणीतरी लागेल. मला आज भीती वाटली. हे लिहून ठेवतो, कारण रेग हे वाचणार नाही.

आता तिचा श्वास सरळ आहे. झोपली आहे.

१५ फेब्रुवारी

टेगन आम्हाला तिच्या गाडीतून वर घेऊन गेली. तिचा चेहरा काजळीने माखलेला, आवाज बसलेला. दोन दिवस ती झोपली नव्हती.

दंतवैद्याच्या घराचं फक्त धुराडं उभं आहे. रेगची शेड गेली, टोमॅटोचे वाफे गेले. त्याचं घर आहे. डॉटचं आहे. आमचंही आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीच्या रंगाला फोड आलेत, एवढंच. सरपण आम्ही जिथे नेऊन ठेवलं होतं तिथे राखेचा लांबलचक पट्टा आहे. ती रास भिंतीशी असती तर भिंत नसती. कर्नलने चेंडू काढलेल्या पन्हळीत विझलेले निखारे सापडले. पन्हळ कोरडी होती, पण त्यांना खायला तिथे काही ठेवलंच नव्हतं.

मग मी टाकीपाशी गेलो. टाकीतून एस्मेला पाणी देणारा प्लास्टिकचा पाइप वितळून जमिनीला चिकटला होता. एस्मे काळी ठिक्कर. सुरू झाली असती तरी कोरडीच ओरडली असती. हेल्मेटचा एक गोळा झाला होता. खुर्चीचे लोखंडी पाय तेवढे शिल्लक होते.

रेग कुंपण ओलांडून आला. कुंपण उरलंच नव्हतं. त्याने ते लोखंडी पाय पाहिले.

"दोन होत्या ना खुर्च्या?" त्याने विचारलं.

"दोन."

त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. नंतर म्हणाला, "माझी बादली सापडत नाहीये." आम्ही दोघं त्याची बादली शोधायला गेलो. सापडली नाही.

२ मार्च

आज डॉटच्या अंगणात पुन्हा सॉसेज. फाटकाजवळचा फलक पार जळालाय, नवा येणार आहे. टेगनने चारचौघांत माझे आभार मानले. म्हणाली, प्रमुखाने अगदी योग्य दिवस निवडून लेन वेळेवर रिकामी केली. मी म्हणालो, अनुभवाचा भाग असतो. बायका मान खाली घालून सॉसेज खात होत्या. मॅव्हिसला ठसका लागला.

निळी फीत एका गुणाने मला मिळाली. रेग म्हणाला, परीक्षकांना चेंडू कळत नाही. मग शेगडीजवळ हळूच येऊन म्हणाला, "गड्या, पुढच्या वर्षी पण तालीम ठेवशील ना?" मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, "बघू नको, ठेव."

घरी येऊन व्हरांड्यात बसलो. नव्या खुर्च्या आणल्यात. बसल्या बसल्या मी बॅटऱ्यांचा विचार केला. शेळ्यांच्या गाडीचा केला. जी शेळी अजून व्यालेली नाही तिचा केला. मी आगप्रमुख आहे, मूर्ख नाही. निदान रोज नाही. व्हर्ना चहा घेऊन आली. मी उठलो, कप तिच्या हातातून घेतले आणि फीत तिच्या स्वेटरला लावली.

"हे काय? ही तुझी."

"परीक्षकांचा घोटाळा झालाय," मी म्हणालो. "तुझे केस छान दिसतात."

"डिसेंबरपासून कापलेले नाहीत, क्लेम."

"माहीत आहे."

ती फितीवरची सोनेरी अक्षरं बोटाने चाचपत बसली. मग मी विचारलं, "पुढच्या उन्हाळ्यात केस कापायला कधी जायचंय? म्हणजे बाकीच्या दिवसांत तालीम ठेवता येईल."

"ते मी तुला आयत्या वेळी सांगेन," ती म्हणाली.

ठराव एकमताने मंजूर झाला. रेगला विचारलं नाही.